अंडाशयाचा कर्करोग : जनुके, प्रतिकारशक्ती आणि माहेरची वंशावळ

अंडाशये ओटीपोटात, गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना असतात. प्रत्येकाची लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर. भोवती भरपूर मोकळी जागा असल्यामुळे तिथे उठलेली गाठ मोठी होईपर्यंत कशावर दाबत नाही आणि दुखतही नाही. पोट फुगल्यासारखे वाटणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही तिची पहिली लक्षणे. आणि पन्नाशीच्या आसपासच्या बाईने ती सांगितली, की घरात आणि पुष्कळदा दवाखान्यातही त्यांची वासलात 'पित्त', 'गॅस' किंवा 'पाळी जायच्या वेळचा त्रास' अशी लागते. मग पोटात पाणी होते, साडीची गाठ पोटावर बसेनाशी होते, सोनोग्राफी होते. तोवर रोग आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर आणि पोटाच्या अस्तरावर पसरलेला असतो. जगभर सुमारे सत्तर टक्के रुग्णांचे निदान अशा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावरच होते.

ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्याने दगावतात. स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग त्याहून कितीतरी जास्त आढळतो, पण त्या दोन्हींवर लवकर नजर टाकता येते. गर्भाशयमुख तर डोळ्यांना दिसते. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने १९८७ पासून चालवलेली ग्रामीण कर्करोग नोंदणी आणि पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात झालेली मोठी तपासणी मोहीम यांनी खेड्यातही गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेत गाठता येतो हे दाखवून दिले. अंडाशयाबाबत असे काही हाती लागलेले नाही. रक्तातील सीए-१२५ हे प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडे रॉबर्ट बास्ट यांच्या गटाने १९८१ मध्ये तयार केली. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफी यांची चाचणी घेण्यात आली. तिचा अखेरचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला : तपासणी केल्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. लक्षणे नसलेल्या सर्वसाधारण स्त्रीची दरवर्षी 'कॅन्सरची रक्ततपासणी' करणाऱ्या पॅकेजांची जाहिरात आजही होते. अंडाशयापुरता तिला आधार नाही.

तेव्हा सरसकट तपासणीची वाट बंद. दोन प्रश्न उरतात. कोणत्या स्त्रीला धोका मुळातच जास्त आहे, हा जनुकांचा प्रश्न. आणि सारखाच टप्पा, सारखीच शस्त्रक्रिया, सारखीच औषधे असूनही एक बाई दहा वर्षे जगते आणि दुसरी दीड वर्षात जाते, ते का, हा बराचसा प्रतिकारशक्तीचा प्रश्न.

अंडाशयाचा कर्करोग हा एकच रोग नव्हे. त्यातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आणि सर्वाधिक बळी घेणाऱ्या प्रकाराला उच्चश्रेणी सीरस कर्करोग म्हणतात. त्याचा उगम बहुतेक वेळा अंडाशयात होतच नाही. कौटुंबिक धोक्यामुळे काढून टाकलेल्या बीजवाहक नलिकांची २००१ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये बारकाईने तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या अस्तरातच कर्करोगपूर्व बदल दिसले. नलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी पेशी बिघडतात, सुटून शेजारच्या अंडाशयावर पडतात आणि तिथे वाढतात. अमेरिकेतील कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने २०११ मध्ये या प्रकारच्या ४८९ गाठींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांतल्या ९६ टक्के गाठींमध्ये टीपी५३ हे जनुक बिघडलेले होते, आणि जवळपास निम्म्या गाठींमध्ये डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यावर ते बिनचूक सांधण्याची यंत्रणा मोडलेली होती.

या सांधणीचे काम ज्या जनुकांकडे असते त्यांत बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही दोन प्रसिद्ध आहेत. बीआरसीए१ सतराव्या गुणसूत्रावर आहे हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये, कुटुंबांच्या वंशावळी वर्षानुवर्षे गोळा करून, दाखवले. प्रत्यक्ष जनुक १९९४ मध्ये सापडले, तेराव्या गुणसूत्रावरचे बीआरसीए२ त्याच्या पुढल्या वर्षी. जन्मतः बीआरसीए१ बिघडलेले असेल तर ऐंशी वर्षांपर्यंत अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, बीआरसीए२ असेल तर सुमारे १७ टक्के. सर्वसाधारण स्त्रीची ती एक-दीड टक्क्याच्या आत-बाहेर असते. आरएडी५१सी, आरएडी५१डी, बीआरआयपी१ ही आणखी काही जनुके धोका वाढवतात. मोठ्या आतड्याच्या कौटुंबिक कर्करोगाशी जोडलेला लिंच दोषही त्यातलाच. भारतातील अनेक केंद्रांवरच्या रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा अंडाशयाचा कर्करोग झालेल्या जवळपास चौथ्या हिश्श्यात बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ बिघडलेले निघाले. त्यामुळे कुटुंबात कोणाला कर्करोग असो वा नसो, या रुग्णाची जनुकतपासणी करावी असा सल्ला आता दिला जातो.

याच बिघाडातून औषधही निघाले. सांधणीची मुख्य यंत्रणा मोडलेली पेशी पार्प नावाच्या दुसऱ्या प्रथिनावर विसंबून असते. तेही अडवले तर पेशी मरते, निरोगी पेशी मात्र तगते. ही कल्पना २००५ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी मांडली आणि ओलापरिब हे औषध २०१४ च्या अखेरीस वापरात आले. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीत, बीआरसीए बिघडलेल्या आणि केमोथेरपीला प्रतिसाद दिलेल्या स्त्रियांना हे औषध दिल्यावर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी घटला. कर्करोगाच्या वैद्यकात इतका मोठा आकडा क्वचितच दिसतो.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हा जनुकांचा प्रश्न हाताळायचा म्हणजे आधी वंशावळ लिहायची, आणि इथेच काम अडते. रुग्णालयाच्या केसपेपरवर विवाहित स्त्रीचे नाव, नवऱ्याचे नाव, सासरचे आडनाव आणि सासरचे गाव असते. जनुके मात्र माहेरची. वाळव्याची लेक खटावला दिलेली, तिची बहीण जतला, तिसरी मुंबईला माथाडी कामगाराच्या घरात. तिघींना वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या रुग्णालयांत कर्करोग झाला तर तीन आडनावांचे तीन कागद तयार होतात आणि त्या सख्ख्या बहिणी आहेत हे कोणत्याच कागदावरून कळत नाही. 'घरात कोणाला कॅन्सर होता का?' असा प्रश्न विचारला, की 'घर' म्हणजे सासर धरून उत्तर येते. उत्तर देणाराही बहुतेक वेळा नवरा, दीर किंवा मुलगा असतो.

दुसरी चूक विचारणाऱ्याची. 'आईला किंवा बहिणीला होता का?' एवढेच विचारून वडिलांची बाजू सोडून दिली जाते. बीआरसीएचा बिघाड वडिलांकडूनही तितकाच येतो, प्रत्येक अपत्याला निम्म्या शक्यतेने. वडिलांना स्वतःला बहुतेक वेळा काहीच होत नाही, म्हणून तो त्यांच्यात दडून राहतो. तो दिसतो आत्यांमध्ये आणि आजीमध्ये. लहान कुटुंबात, जिथे वडिलांना बहीणच नाही, तिथे तो दिसतही नाही.

आता या भागातली खास गुंतागुंत. दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची रीत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात महाराष्ट्राच्या नातेव्यवस्थेत तिची दखल घेतली आहे. असे लग्न झाले की सुनेची सासू ही तिची आत्या असते. म्हणजे सासूला पोटाचा कर्करोग होता ही माहिती 'ती सासरची' म्हणून बाजूला टाकली, तर रक्ताच्या नात्यातला सर्वांत मोलाचा पुरावा हातचा गेला. सुनेला तो बिघाड वडिलांकडून आलेला असू शकतो, नवऱ्याला आईकडून. मुलांकडे तो दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता उरते. बीआरसीए२ च्या दोन्ही प्रती बिघडल्या तर बालवयात फॅन्कोनी रक्तक्षय होतो, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हा या दोन जिल्ह्यांत वंशावळ काढताना नात्यातले लग्न हा स्वतंत्र रकाना हवाच, आणि माहेरचे आडनाव व गाव हे त्याआधीचे दोन रकाने.

तिसरी अडचण 'पिशवी काढली' या दोन शब्दांत आहे. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास अशा कारणांसाठी ऐन तिशीत गर्भाशय काढलेल्या स्त्रिया ग्रामीण महाराष्ट्रात ठायीठायी आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. तेथील सर्वेक्षणात ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. याच जिल्ह्यातल्या टोळ्या हंगामात कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या फडावर येतात. त्या शस्त्रक्रियेत अंडाशये आणि नलिका काढल्या की ठेवल्या, हे बाईला सांगितलेले नसते आणि कागद हरवलेला असतो. संशोधनात ही मोठी उणीव ठरते, कारण नलिका काढल्या असतील तर त्या बाईचा धोकाच बदलतो आणि मावशीला 'कॅन्सर झाला नाही' या नोंदीचा अर्थही बदलतो.

जातीअंतर्गत विवाहाचाही जनुकांवर ठसा आहे. डेव्हिड राइक, कुमारसामी थंगराज, लालजी सिंह आदींनी २००९ मध्ये दाखवले, की भारतातले अनेक समाज थोड्या मूळ पूर्वजांपासून वाढलेले असून शेकडो पिढ्या नव्हे तरी फार दीर्घ काळ आपापल्यातच लग्ने करीत आले आहेत. अशा समाजात एखादा जुना बिघाड वारंवार दिसू शकतो. उलट अडचण अशी, की जगातील जनुकसंग्रह मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर उभे आहेत. त्यामुळे इथल्या रुग्णाच्या अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा जास्त वेळा येतो. बदल आहे, पण तो घातक की निरुपद्रवी हे ठरत नाही. हा शेरा पुसण्याचा मार्ग एकच : त्याच समाजातल्या रुग्ण आणि निरोगी माणसांची तुलना. कराडच्या कृष्णा विश्व विद्यापीठात या धाटणीचे काम झाले आहे. तेथील संशोधकांनी परिसरातल्या ग्रामीण स्त्रियांमध्ये स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंदर्भात एक्सआरसीसी१ सारख्या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांचे फरक तपासले. अंडाशयाच्या कर्करोगाला हीच पद्धत लावता येते. फक्त रुग्ण कमी असल्याने एका रुग्णालयाच्या आकड्यांवर भागत नाही, आणि कराड, मिरज, सांगली, सातारा यांनी नमुने एकत्र केल्याशिवाय संख्या जमत नाही. मिरजेला वैद्यकाची परंपरा जुनी आहे, विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ पासूनचे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचे. उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येतात, म्हणून नमुन्यांची वंशविविधताही तिथे अधिक मिळते.

मराठी मुलखाला या विषयाची ओळख नवी नाही. १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले, वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी तिथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा मेळ शोधला. बीआरसीएचे नावही नव्हते तेव्हाची ही गोष्ट. अंडाशयापुरते पाहायचे तर पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधील शर्मिला बापट यांचे २००५ चे काम महत्त्वाचे आहे. प्रगत रोग असलेल्या एका रुग्णाच्या पोटातून काढलेल्या पाण्यातल्या पेशी त्यांच्या गटाने वाढवल्या, त्यांतून वेगवेगळे वंश अलग केले, आणि त्यांत मूलपेशींसारख्या वागणाऱ्या, पुन्हा गाठ निर्माण करू शकणाऱ्या पेशी असल्याचे दाखवले. केमोथेरपीने गाठ विरघळते आणि वर्ष-दीड वर्षात परतते, याचे एक कारण त्या पेशींत शोधता येते.

प्रतिकारशक्तीच्या बाजूचा पाया २००३ मध्ये पक्का झाला. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील जॉर्ज कोकोस यांच्या गटाने प्रगत रोगाच्या १८६ गाठी तपासल्या. ज्यांत रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी गाठीच्या आत शिरलेल्या होत्या, त्या स्त्रियांपैकी ३८ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या; जिथे टी-पेशी आत नव्हत्या तिथे ४.५ टक्के. शरीर हा रोग ओळखते आणि त्याच्याशी लढते, एवढे यावरून ठरले. पण सगळ्या टी-पेशी एका बाजूच्या नसतात. सीडी८ खुणेच्या पेशी कर्करोगपेशी मारतात, तर नियामक टी-पेशी त्यांना आवरतात. २००४ मध्ये दिसले, की गाठीत नियामक पेशी जितक्या जास्त तितके आयुष्य कमी. याच नियामक पेशींच्या शोधाबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड राम्सडेल यांना २०२५ चे नोबेल मिळाले. म्हणून गाठीत 'किती पेशी' हे मोजून भागत नाही. कोणत्या, कुठे आणि एकमेकींच्या किती जवळ, हे पाहावे लागते.

जनुके आणि प्रतिकारशक्ती यांची गाठ इथे पडते. बीआरसीए बिघडलेल्या गाठीत डीएनए सतत तुटत राहते. त्याचे तुकडे केंद्रकाबाहेर सांडतात, पेशीला ते विषाणूच्या घुसखोरीसारखे वाटतात आणि ती इंटरफेरॉनचा इशारा देते. अशा गाठींत टी-पेशी अधिक आढळतात आणि या रुग्णांचा केमोथेरपीला प्रतिसादही चांगला असतो. इतके असूनही, टी-पेशींना आवरणारा पीडी-१ हा ब्रेक सोडणारी औषधे, ज्यांनी त्वचेच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगात चित्र पालटले, अंडाशयात एकट्याने फारशी चालली नाहीत. शंभरांतल्या आठ-दहा जणींनाच त्यांचा उपयोग झाला. सुरुवातीच्या केमोथेरपीसोबत ती देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचण्याही निराश करून गेल्या. कारणे अनेक. या गाठीत गुणसूत्रांची मोठी उलथापालथ असते, पण टी-पेशींना परके वाटावे असे छोटे बदल कमी असतात. पोटातल्या पाण्यात प्रतिकार दडपणारी रसायने भरलेली असतात. शिवाय एकाच बाईच्या अंडाशयातल्या गाठीत टी-पेशी नसतात आणि पडद्यावरच्या गाठीत त्या दाटलेल्या असतात. एका औषधाने एक गाठ विरघळते आणि दुसरी वाढते.

टी-पेशीला परका तुकडा दाखवण्याचे काम एचएलए रेणू करतात आणि त्यांचे प्रकार समाजागणिक बदलतात. एखादी लस किंवा टी-पेशींचे उपचार युरोपात नेहमीच्या एचएलए प्रकारावर बेतले असतील, तर ते साताऱ्याच्या रुग्णाला लागू पडतीलच असे नाही. केवळ जनुकतपासणी करून रुग्णाच्या एचएलएची नोंद न ठेवणारे संशोधन म्हणूनच अर्धे राहते.

हे सगळे प्रत्यक्षात शस्त्रक्रियागृहाच्या दारात ठरते. जनुकतपासणीला जांभळ्या झाकणाच्या नळीतले दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरते. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून मेणाच्या ठोकळ्यात बसवला तर पेशी कुठे आहेत ते वर्षांनंतरही पाहता येते. पण तुकडा दिवसभर तसाच बरणीत पडून राहिला किंवा फॉर्मॅलिन अपुरे पडले तर तो ठोकळा रेण्वीय तपासणीला निरुपयोगी होतो. जिवंत टी-पेशी जपायच्या तर उणे १९६ अंश तापमानाचा द्रव नायट्रोजन लागतो. हे ऐकून जिल्ह्यातल्या संस्था दचकतात, वास्तविक भिलवडीपासून फलटणपर्यंत दुधाच्या पट्ट्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्याच द्रवाच्या भांड्यांतून गावोगाव फिरतात. तंत्र अवघड नाही, शिस्त हवी. पोटातून काढलेले पाणी, कधी तीन-चार लिटर, आजही बहुतेक ठिकाणी तपासणीपुरते ठेवून बाकीचे ओतून देतात. त्यात कर्करोगपेशीही असतात आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या टी-पेशीही. पुण्याचे २००५ चे संशोधन अशाच पाण्यावर उभे राहिले होते. नमुना केमोथेरपीच्या आधी घेतलेला असणे महत्त्वाचे, कारण तीन फेऱ्यांनंतर गाठीतल्या पेशींचे चित्र बदललेले असते. आणि रोग फार पसरलेल्या स्त्रियांना हल्ली आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया असाच क्रम मिळतो.

नमुना घेताना संमती लागते, आणि ती नवऱ्याच्या सहीने होत नाही. अहवालातून काय कळू शकते हे बाईला तिच्या भाषेत आधी सांगावे लागते, कारण तो अहवाल तिच्या एकटीचा नसतो. बिघाड सापडला तर बहिणींची, मुलींची, भावांची तपासणी करता येते, आणि घरातला नेमका बिघाड माहीत असल्याने ती सोपी होते. बीआरसीए१ बिघडलेल्या स्त्रीला मुले झाल्यावर ३५ ते ४० या वयात, बीआरसीए२ असल्यास ४० ते ४५ या वयात, अंडाशये आणि नलिका काढून टाकण्याचा सल्ला देतात. त्याने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्के घटतो. पाळी अकाली जाते, हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, म्हणून हा निर्णय घाईचा नव्हे. लग्नाच्या वयाच्या मुलीचा अहवाल गावात फुटेल ही भीती कुटुंबांना असते आणि ती अनाठायी नाही. नावाऐवजी क्रमांकाने नमुने ठेवणे आणि अहवाल फक्त संबंधित व्यक्तीच्या हातात देणे हा त्यावरचा उपाय. भावांना वगळण्याची चूकही इथेच होते. बीआरसीए२ बिघडलेल्या पुरुषाला पुरःस्थ ग्रंथीचा, स्वादुपिंडाचा आणि क्वचित स्तनाचाही कर्करोग होण्याचा धोका वाढतो, आणि त्याच्या मुलींना तो बिघाड मिळण्याची शक्यता तोच बिघाड असलेल्या बहिणीच्या मुलींइतकीच असते.